पाणी गेलं, कर्ता सापडला

मंडळी, आज सकाळी आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत नळ कोरडे. सेक्रेटरी सावंतकाका गच्चीवरची टाकी धुवायला गेले आणि तळाचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवून खाली आले. हे त्यांनीच मला दारात येऊन सांगितलं.

"अगं, तू इंजिनीअर ना? इंग्लिशमध्ये नोटीस लिहून दे. मराठीत लिहिली की लोक लगेच फोन करतात. आणि नाव नको हं कोणाचं."

आमच्या ऑफिसात चुका अशाच लिहितात, त्यामुळे मी पॅसिव्हमध्ये, कर्ता गाळून, लिहून दिलं : 'द व्हॉल्व्ह वॉज लेफ्ट ओपन.' काकांनी ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं.

नाव नसल्यामुळे ग्रुपने स्वतःच नाव घातलं. "वॉचमनचंच काम हे." "महादूला आजच काढा." कोणीतरी नवा वॉचमनही सुचवला. मी काकांची वाट पाहत होते. काकांनी त्या मेसेजला अंगठा दिला.

मग मी ग्रुपवर लिहिलं : 'दुरुस्ती. सावंतकाका लेफ्ट द व्हॉल्व्ह ओपन.'

नंतर सावंतकाकूंचा मेसेज आला : "घरी पण हेच. दूध उतू गेलं म्हणतात. गॅसजवळ कोण उभं होतं, ते सांगत नाहीत."

महादूची नोकरी शाबूत आहे. काका मात्र मघाशी जिन्यात मला म्हणाले, "मोठ्यांचं असं नाव घेतात का?"

तुम्हीच सांगा, घ्यायचं नव्हतं का?