हलणाऱ्या मानेची दाढी

माझ्या मेव्हण्याची मान हलते. बसला तरी हलते, जेवताना हलते. समोरच्याला वाटतं, हा माणूस प्रत्येक गोष्टीला नाही म्हणतोय. चहा घेणार का विचारलं की मान नाही म्हणते आणि हात कपाकडे जातो. डॉक्टर म्हणाले, हे आता असंच. झोप लागली की तेवढी थांबते.

हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा. लग्न केलं नाही. दुसऱ्यांच्या वराती काढता काढता ह्याची राहून गेली, असं तीच म्हणायची. मान हलायला लागली, तोंडात क्लॅरनेट ठरेना, तेव्हा बँड सुटला आणि तिनं त्याला मंद्रूपहून आमच्याकडे सोलापुरात आणला. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो, पण विचारलं नाही हे खरं.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. नळाला पाणी आलं होतं, भरता भरता खाली बसली, ती उठली नाही. त्यावर जास्त लिहीत नाही. चौथी शिकलेला माणूस मी. शिकलेल्याला तरी ते लिहिता येत असेल असं मला वाटत नाही.

मागे आम्ही दोघं राहिलो. लेक पुण्यात, ती फोन करते. घरात दोन म्हातारे आणि एक टीव्ही.

ती होती तोवर भावाची दाढी तीच करायची. आधी तो न्हाव्याकडे जायचा. एकदा वस्तऱ्याखाली मान उसळली आणि कानाखाली चिरलं. त्याला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, रक्त थांबेना. न्हाव्यानं हात जोडले, "काका, पाया पडतो, दुसरीकडं बघा." तेव्हापासून माझ्या रेझरनं ती करायची. आणि ह्याला दाढीचं भारी वेड. बँडचा लाल कोट आणि गुळगुळीत गाल यात सगळी जवानी गेलेली. शर्ट मळका चालेल, गालावर खुंट चालणार नाही.

ती कशी करायची ते मी कधी बघितलं नाही. दारात उभा राहिलो की ओरडायची, "उजेड अडवू नका, जावा तिकडं." मी चहाला जायचो. परत येईपर्यंत भाऊ चकचकीत आणि ही भांड्याला बसलेली.

तेरावा झाला, माणसं पांगली. एक दिवस गालावरून हात फिरवत तो म्हणाला, "दाजी, हितं कुनीतरी परकं येऊन बसल्यागत वाटतंय."

मी म्हटलं, बस, मी करतो. त्यात काय आहे? हनुवटीखाली दोन ठिकाणी कापलं. कापूस दाबून दोघं बसून राहिलो. नेमका त्याच सकाळी त्याचा पुतण्या मंद्रूपहून आला. कापूस लाल झालेला बघितला.

"काका, काय हाल व्हायलेत तुमचे? आत्या होती तवर ठीक होतं. आपल्या घरी चला की. तितं खोली हाय, सून हाय करायला."

मेव्हण्यानं कापूस बदलला. मला पुतण्या म्हणाला, "मामा, राग मानू नका. तुमचं तुमाला होईना, त्यात ह्यांचं कुटं करताय? नागपंचमी झाली की मी गाडी घेऊन येतो."

तो गेल्यावर मेव्हणा म्हणाला, "बहिणीच्या घरात भावानं राहावं, दाजी. निस्त्या दाजीच्या घरात कशाला?"

मला तो जायला नको होता. तो गेला की या घरात तिला ओळखणारं माणूस म्हणून मी एकटा. पण हे तोंडानं बोलायचं कसं? मी एवढंच म्हणालो, "रेझरचं काहीतरी करतो."

मी लूमवर जॉबर होतो. टॉवेलचे लूम बिघडले की मला बोलवायचे. लूमचं काही थरथरत असलं की खाली पॅकिंग द्यायचं, हे डोक्याच्या आधी माझ्या हाताला कळतं. रेझर म्हणजे काय, दांडा, खालची दातरी, वरचं टोपण, मध्ये ब्लेड. मला वाटलं ब्लेड आत फडफडतंय म्हणून चावतंय. जुन्या ब्लेडच्या दोन्ही धारा पकडीनं मोडल्या, मधली पट्टी नव्या ब्लेडच्या खाली घातली आणि आवळलं. हाताला घट्ट लागलं. मी खूश. आधी माझ्याच गालावर चालवलं आणि टकदिशी रक्त आलं. पट्टीनं ब्लेड वर उचललं होतं, धार आणि दातरीमधली फट वाढली होती. लूमला बरं ते गालाला बरं नसतं. रेझरची विळी झाली होती.

मेव्हणा बाजेवरून बघत होता. "म्हशी भादरायला बरं हाय, दाजी."

मग उलट विचार केला. धार मागे सरकत नाही तर दातरी पुढे आणायची, म्हणजे कातडी ब्लेडपासून लांब राहील. दातरीवर सूत गुंडाळलं. आमच्या गल्लीत सुताला तोटा नाही. कोरडं होतं तोवर छान दिसलं. पाणी लागल्यावर सूत फुगलं, साबण खाऊन बसलं, केस अडकले.

"टावेल इणताय का दाढी करताय?"

"तू गप बैस. तुझ्यासाठीच चाललंय."

"माझ्यासाठी म्हनून तर भ्या वाटतंय की."

मोटार वाइंडिंगच्या दुकानातून बारीक तांब्याची तार आणली. सुताच्या जागी तार गुंडाळली, वेढ्याला वेढा लावून. तपासायचं कशावर? माझी नडगी. लुंगी वर केली, साबण लावला आणि त्याची मान हलते तसा पाय मुद्दाम हलवत नडगी भादरायला लागलो. मेव्हणा हसायला लागला. हसता हसता खोकला आला. ती गेल्यापासून तो हसला नव्हता. मलाही जरा बरं वाटलं, आणि लगेच वाटलं, हे तिला सांगायला पाहिजे. सांगणार कुठे?

तारेनं कापत नव्हतं. केसही कापत नव्हतं. चार वेळा फिरवावं तेव्हा एक वाट निघे, तोवर कातडी लाल. मग तार सोडली आणि एक दात सोडून एका दाताला गुंडाळली. ते जमलं. दांडा पोकळ होता, त्यात सायकलचे छर्रे भरून काचेला लावायच्या लांबीनं तोंड बुजवलं. जड वस्तू कमी थरथरते, हाही लूमचाच हिशोब. वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला, साबणात हात घसरू नये म्हणून. डोळे दुखून येत होते. सुईत दोरा ओवायची कामं तिची, आता हे तार ओवणं माझ्याकडे.

पंचमी तोंडावर आली तेव्हा त्याला पाटावर बसवलं आणि समोर उभा राहून सुरुवात केली. कापलं नाही, हे खरं. पण मान इकडे आली की रेझर आपटायचं, तिकडे गेली की हवेत फिरायचं. जड केल्यामुळे आपटायचं तेही जोरात. अर्धवट खुरपलेल्या रानासारखा गाल झाला. त्यानं आरसा मागितला, बघितला, पालथा घातला.

"जातो मी मंद्रूपला. तुमचा दोष न्हाय. तिच्या हाताचं तिच्यासंगं गेलं."

मी रेझर बादलीत फेकलं. "असं काय करत होती ती? तिच्याकडे काय सोन्याचं रेझर होतं? हेच होतं की!"

त्यानं पालथा आरसा आणखी लांब सरकवला.

"अरे सांग की! माझ्यावर हिकडे तार गुंडाळून आंधळा व्हायची वेळ आली."

"कसं सांगू? लाज वाटती, दाजी."

मग खाली बघत सांगितलं. ती त्याच्या मागे उभी राहायची. डावा हात गळ्याखालून घालून डोकं स्वतःच्या पोटाशी आवळायची. "ल्हानपणी माझ्या उवा काढायची तसं." आणि उजव्या हाताचं मनगट त्याच्या गालाच्या हाडावर टेकवायची, तिथून उचलायचीच नाही. "मान हलली की ती बी हलायची. सगळीच. मग कापंल कशानं?"

तिच्या पातळावर पोटापाशी नेहमी साबणाचा वाळलेला पांढरा डाग असायचा. मी म्हणायचो, लहान पोरासारखं सांडतेस काय? ती म्हणायची, तुम्हाला काय करायचंय? तो डाग मला तेव्हा आठवला.

जॉबर असून मला हे सुचलं नाही. लूमवर जे हलणाऱ्या भागावर बसवलेलं असतं ते त्या भागाबरोबर हलतं, म्हणून टिकतं. मी बाहेर उभा राहून हलती गोष्ट धरायला बघत होतो. आणि रेझर सुधारत होतो.

बादलीतून रेझर काढलं. दांड्यातले छर्रे पाडून टाकले. तार तेवढी ठेवली, रक्त पातळ करायच्या गोळीचं भय होतं. मग दाराला कडी लावली. म्हाताऱ्या माणसानं म्हाताऱ्या माणसाचं डोकं पोटाशी धरायचं, गल्लीनं बघितलं तर काय म्हणेल?

"यव्वा! पोट कवडं हे तुमचं."

"हलू नको."

"हलू नको म्हनून ऱ्हायलं असतं तर..."

"बरं, हल. बोलू नको."

"आत गुडगुडायलंय, दाजी."

"तू ऐकू नको."

त्याचं डोकं माझ्या पोटावर थडथड करत होतं. ते थरथरणं कातडीवर राहत नाही, आत जातं. बरगड्यांत, दातांत. ती हे इतकी वर्षं अंगावर घेत होती आणि नंतर उठून भाकरी थापत होती. मनगट त्याच्या गालावर टेकवलं. रेझर चालायला लागलं, हळूहळू. त्याचे डोळे मिटलेले होते. पाणी येत होतं, साबण गेला असेल, मी विचारलं नाही. माझी कंबर मोडून आली. मध्ये दोनदा खाटेवर टेकलो. पण गाल निघाला, आणि रक्ताचा थेंब नाही.

पंचमी झाली आणि पुतण्या गाडी घेऊन आला. काकाचा चेहरा बघून जरा थबकला.

"कुनी केली दाढी?"

"दाजींनी."

"झ्याक हाय की. बरं, चला, पिशवी कुटाय?"

मेव्हण्यानं पिशवी भरून दारामागे ठेवली होती. मला वाटलं होतं, दाढी जमली म्हणजे जायचं रद्द झालं. तसं कुणी बोललंच नव्हतं. तो उठला, चप्पल शोधायला लागला. पुतण्यानं पिशवी उचलली. मी चहाचं आधण तसंच ठेवून बाहेर आलो.

"ती पिशवी ठेव खाली," मी पुतण्याला म्हणालो. "तो जाणार नाही. मला करमत नाही. तो गेला तर मी एकटा मरेन हितं."

असं ओरडूनच बोललो. मला हळू बोलता येत नाही. पुतण्या खाली बघायला लागला, मग काकाकडे. काका चप्पल तशीच सोडून बाजेवर जाऊन बसला. पुतण्यानं चहा घेतला, गाडीवाल्याला तेवढंच भाडं द्यावं लागणार म्हणून कुरकुर केली, आणि गेला.

मेव्हणा गालावरून हात फिरवत बसला होता. मग म्हणाला, "हे आदीच बोलायचं होतं की, दाजी. माझ्या हनुवटीची सालं तरी वाचली असती."

ज्वारीचं पीठ संपलं होतं. डबा घेतला आणि गिरणीकडे निघालो.