वाऱ्याकडची खिडकी

ये बाई, हे वाचताना तरी जरा जवळ सरक. पिंपळे सौदागरहून चाकणला आपल्या मळ्यात यायला काही समुद्र ओलांडावा लागत नाही. मोशीचा ट्रॅफिक तर तू कंपनीत जाताना रोजच सोसतेस. तीन महिने झाले, फोनवर "आई, जेवलीस का" एवढं विचारतेस नि ठेवतेस. त्यानं माझं पोट भरत नाही, सांगून ठेवते.

जे सांगायचंय ते फोनवर सांगवेना, म्हणून वहीत लिहायला बसले. बसले म्हणजे काय, चार ओळी झाल्या की उठतेय. दुपारपासून वारा सुटलाय, शेवग्याच्या फांद्या पार वाकल्यात. दोनदा अंगणात जाऊन गाडीचं छत खाली आहे ना ते बघून आले. खालीच आहे. दुरुस्त होऊन आल्यापासून ते कुणी वर केलेलंच नाही, हे मला ठाऊक असतं, तरी पाय जातात.

कंपनीतून रिटायर झाल्यावर लोक गाळे बांधतात, भाड्यानं देतात. तुझ्या बाबांनी शाळेची जुनी व्हॅन घेतली नि तिचं घर केलं. खाली शेगडी, बाकडं, नि वर ते उघडणारं छत. डब्याच्या झाकणासारखं, पुढून बिजागरीवर, मागून उचलायचं. उचललं की उरलेल्या तिन्ही बाजूंनी जाड कापडाच्या भिंती उभ्या राहतात, त्यांना चेनच्या खिडक्या, नि आत एक माणूस नि एक पोर निजेल एवढी फळी. तुझ्या लेकीनं ती फळी पहिल्याच दिवशी बळकावली. आजोबांनी खाली झोपायचं, असा तिचा हुकूम.

वैशाखात सुट्टीला आली होती तेव्हा आम्ही तिघं राजगुरुनगरच्या पुढं एका उघड्या माळावर गेलो. ऊन मरणाचं. यांनी गाडी लावली ती कांदाचाळीच्या हिशेबानं. आपण कांदा कसा ठेवतो, लांब बाजू वाऱ्याला द्यायची, म्हणजे वारा एकीकडून शिरतो नि दुसरीकडून निघतो, माल सडत नाही. कंपनी सांभाळूनही जन्म गेला त्यात, दुसरं सुचणार काय? गाडी वाऱ्याला आडवी, दोन्हीकडच्या खिडक्या उघड्या, पोर वर झोपलेली. मी म्हटलं, झकास गार लागतंय.

चारच्या सुमाराला पश्चिमेकडून धुळीचा लोट उठला. झाडाची पानं हलतात तेवढं ठीक असतं, पण आता फांद्या हलायला लागल्या होत्या. हे म्हणाले, "छत खाली घेतलेलं बरं, तिला उठव." मी म्हटलं, आत्ता तर डोळा लागलाय पोरीचा, थोडा वेळ जाऊ द्या.

इथवरचं तुला माहीत आहे. पुढचं मी तुला धड सांगितलेलं नाही.

पलीकडच्या खिडकीशी तिचं डोकं होतं. झोपेत कलंडून बाहेर पडली तर, या भीतीनं मी आत चढून ती खिडकी चेन ओढून बंद केली. वाऱ्याकडची तशीच उघडी राहिली. वारा आत यायचा, पण निघायला वाट नाही. गोणीचं तोंड धरून वाऱ्यात उभं राहा, काय होतं बघ. तसंच झालं. छत एकदम वर उसळलं, एका बाजूच्या टेकूच्या दांड्याचे बोल्ट उखडले, कापड टरकन फाटलं. छत खाली ओढायला आतून पट्टा असतो, हे त्याला दोन्ही हातांनी लोंबकळले. मी पोरीला पायाला धरून खाली ओढलं. त्यात तिचं कपाळ फळीच्या कडेला लागलं, दोन टाके पडले. यांच्या तळहातांची सालं निघाली होती, ते यांनी दवाखान्यात दाखवलंसुद्धा नाही.

तू आलीस नि यांना म्हणालीस, "कांदे ठेवायची अक्कल माणसं ठेवायला चालत नाही, बाबा. माझी पोर पुन्हा या गाडीत बसणार नाही." हे मान खाली घालून उभे. मी शेजारी होते नि गप्प राहिले.

नंतर चाकणला बॉडी बांधणाऱ्या एका लातूरकडच्या मिस्त्रीकडं गाडी नेली. त्यानं कापड उलटंपालटं करून पाहिलं नि विचारलं, "काका, एका बाजूची खिडकी लावलेली होती का? कुणी लावली?"

यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. म्हणाले, "म्याच लावली."

तेव्हापासून मला चैन नाही. घरी येताना मी विषय काढला, तर म्हणाले, "कुणी तुला बोललेलं मला ऐकवणार न्हाई. माझं हाय ते माझ्याकडं राहू दे." ते माझंच आहे, त्यांनी आपल्या अंगावर घेतलंय. गाडी आडवी लावली ते त्यांचं चुकलं, खरं. पण छत खाली घ्या म्हणत होते ते, नि थांबवलं मी.

मिस्त्रीकडून मी सगळं विचारून घेतलं, दोनदा. गाडीचं तोंड वाऱ्याकडं करायचं, म्हणजे बिजागरीची खालची बाजू पुढं येते नि वारा वरून घसरून जातो. फांद्या हलायच्या आधीच माणूस वरून उतरवायचं, झोपलेलं असलं तरी. वाऱ्याकडच्या खिडक्या पहिल्या लावायच्या, पाठीमागचं दार उघडं ठेवायचं, आतली हवा निघायला. मग एक झोत ओसरला की दोघांनी मिळून पट्टा ओढून छत बसवायचं, कापड आत दुमडायचं, दोन्ही कड्या लावायच्या. जोराचा वारा येणार कळलं तर छत वर करायचंच नाही, खाली बाकड्यावर झोपायचं. नवे बोल्ट मी स्वतः हलवून पाहिलेत.

हे रोज सकाळी गाडी पुसतात. कुठं जायचं नसतं. चावी लावून इंजिन थोडं फिरवतात नि बंद करतात. परवा म्हणाले, विकून टाकू, पोरच येणार नाही तर फिरवायचं कुणाला.

म्हणून हे लिहिलं. रागवायचं तर माझ्यावर रागव, पण समोर बसून. लेकीला गाडीत बसवायचं की नाही ते तू आम्हा दोघांना छत खाली घेताना बघून ठरव, नाही म्हणालीस तरी मी ऐकेन. पण त्या माणसाशी एकदा नीट बोल. येत्या रविवारीच ये, पोरीला घेऊन. सकाळीच निघ, वारा दुपारनंतर वाढतो.