उंचीचं कारण

वाशिमला जिल्ह्याचा मुलींचा बास्केटबॉल संघ निवडायचा होता. मी मालेगावच्या एका शाळेत खेळ शिकवते, म्हणून निवड समितीतल्या तिघांत मीही होते. अकरा नावं ठरली. बाराव्या जागेसाठी दोघी उरल्या, त्या नेमक्या माझ्याच शाळेतल्या. बाकीच्या दोघांनी निर्णय माझ्यावर सोडला आणि ते चहाला गेले.

एकीच्या हातात चेंडू आला की बास्केट ठरलेली. दुसरी बुटकी, तिच्या नावावर सामन्यात दोन-चार गुण असले तर असले. पण समोरच्या संघातली सगळ्यांत भारी मुलगी तिच्याकडे सोपवली, की त्या मुलीला चेंडू धड मिळायचाच नाही. आपल्या संघातल्या मुलीला वाट मिळावी म्हणून ती आडवी उभी राहून धक्के खायची. हे सगळं मीच तिला शिकवलं होतं. ठरलेल्या अकरा जणींत बास्केट करणाऱ्या भरपूर होत्या, अडवणारी एकही नव्हती. हे मला चांगलं कळत होतं. तरी मी पहिलीचं नाव लिहिलं. गुण करणारीला का नेलं, असं कोणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी बुटकीने मात्र विचारलं. मी म्हटलं, उंची कमी पडली. उंचीत कोणाचाच दोष नसतो, म्हणून ते कारण मला बरं वाटलं. ती मान हलवून वर्गात गेली.

अमरावतीला विभागीय स्पर्धेत मी संघाबरोबर गेले. आम्ही पहिलाच सामना हरलो. समोरच्या एकाच मुलीने आमची दाणादाण उडवली, तिला कोणालाच अडवता आलं नाही. परतताना बसमध्ये मी निवडलेली मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली.

"मॅडम, मले तीच जागा करून देत होती," ती म्हणाली. "तिले आणाले पाह्यजे होतं."



पुढच्या आठवड्यात मालेगावच्या बाजारात बुटकीची आई भेटली. त्यांचा भाजीचा मळा आहे, ती बाजारात भाजी घेऊन बसते. माझ्यासाठी सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडताना तिने सहज विचारलं, "मॅडम, उंची किती लागते हो? पोरगी रोज सकाळी कडूलिंबाच्या फांदीले लटकून राह्यली. हात सोलले तिचे."

मी काहीतरी पुटपुटले आणि पिशवी उचलून निघाले. त्यानंतरही चार दिवस मी गप्पच होते. मैदानावर तिच्या तळहाताला गुंडाळलेली चिंधी दिसायची, मी दुसरीकडे बघायचे.

शेवटी सराव संपल्यावर तिला थांबवलं. म्हटलं, "उंचीचं काही नव्हतं. मी खोटं बोलले. संघाला तूच हवी होतीस, मला ते कळतही होतं."



"मंग मी इतके दिवस लटकली कायले?"

मी माफी मागितली, ती तिने ऐकून घेतली आणि दप्तर उचलून गेली.

ती अजून सरावाला येते, पहिल्यासारखीच खेळते. चांगलं खेळलीस म्हटलं, तर 'हो मॅडम' म्हणते आणि बुटाची नाडी बांधायला खाली बसते.