साडूभाऊंचा जवळचा रस्ता

माझ्या साडूंइतक्या आत्मविश्वासाने चुकणारा माणूस मी जन्मात दुसरा पाहिलेला नाही. चुकतो आपण सगळेच, पण चुकताना जरा चाचरतो, डोकं खाजवतो. साडूंना ती सवय नव्हती. बोईसरच्या एका कारखान्यात ते सुपरवायझर होते. मूळचे साताऱ्याकडचे, अंगाने काडीपैलवान आणि बोलण्याने हिंदकेसरी. क्वार्टरमधला पंखा त्यांनी स्वतः दुरुस्त केला, तेव्हापासून तो उलटा फिरायचा आणि सगळा वारा छताला लागायचा. "गरम हवा वर असते, तिला आधी थंड करायला नको?" हे त्यांचं त्यावरचं शास्त्र. घरातल्यांनी ते घामाने निथळत ऐकायचं. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण अक्का, ऐकता ऐकता पुठ्ठ्याने वारा घेत बसायची.

ऐंशीच्या दशकात कधीतरी त्यांनी एका बेकरीची भंगारात निघालेली मॅटाडोर आणली आणि तिचं 'फिरता बंगला' असं नामकरण केलं. आत दोन बाकडी ठोकली, ती रात्री पलंग म्हणायची. कोपऱ्यात स्टोव्ह. टपावर पाण्याची टाकी, आणि तिची रचना अशी, की ब्रेक दाबला की पाणी पुढच्या खिडकीतून थेट शेजारी बसलेल्या माणसाच्या मांडीवर. शेजारी अर्थातच मी. दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघं नाशिकहून गेलो, ते या बंगल्यातून चौघांनी सहल करायची म्हणून. एडवणच्या किनाऱ्यावर गाडी उभी केली तर बायका पिशव्या घेऊन धावत आल्या. पाववाला आला असंच त्यांना वाटलं. "आज कडक पाव नाय का?" एका आजीने विचारलं. साडूंनी तिला विलायतेत लोक घरासकट कसे फिरतात ते समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग बटर तरी द्या."

तिसऱ्या दिवशी मनोरच्या अलीकडे, एका ओढ्याकाठी आंब्याखाली मुक्काम पडला. सकाळी चहा पिताना साडूंनी समोरच्या डोंगराकडे बोट केलं. "वरून समुद्र दिसतो. जाऊन येऊ. सातारचे सगळे डोंगर तुडवलेत मी." बायकांनी शहाणपणाने पोहे करायचे आहेत म्हणून सांगितलं. मला सबब सुचली नाही.

वरून समुद्र दिसला नाही. दिसला तो पुढचा डोंगर. "आज धुकं आहे," लख्ख उन्हात साडू म्हणाले. उतरताना त्यांनी चांगली मळलेली पायवाट सोडली. "ही वाट गुरांची आहे साडूभाऊ. गुरांना कुठे घाई असते? आपण जवळच्या रस्त्याने जाऊ." तो जवळचा रस्ता म्हणजे करवंदीच्या जाळीतून घसरत जाणारा एक कोरडा ओहोळ होता. साडू पुढे दगडांवरून उड्या मारत होते, मागे वळून दगडांच्या जातीही सांगत होते. त्यातल्याच एका जातीचा दगड माझ्या पायाखालून निसटला. मी पाठीवर आपटलो आणि डावा पाय दोन धोंड्यांत अडकून पिळवटला. आतून कट्कन आवाज आला. तो साडूंनीही ऐकला असणार, कारण त्यांचं बोलणं तिथेच थांबलं.

ते धावत वर आले. पायाकडे बघितलं. नडगी जिथे वाकायला नको तिथे वाकली होती. माझ्यावर ओरडतील, धोंड्याला दोष देतील, असं मला वाटलं. त्यांनी शर्ट काढला, फाडला, दोन काठ्या लावून पाय बांधला आणि माझ्याकडे पाठ करून खाली बसले. "धरा गळ्याला."

"अहो, तुम्हाला झेपणार आहे का?" मी कळवळत म्हणालो. मी त्यांच्या दीडपट होतो.

"धरा म्हणतो ना!"

ते किती वेळ चालले, सांगता येणार नाही. दर थोड्या वेळाने ते थांबत आणि पुन्हा चालू लागत. मला खाली मात्र ठेवत नव्हते. शेवटी एक खळं दिसलं. एक नवरा-बायको भात झोडत होते. बाई हातातली पेंढी टाकून पुढे आली. "अरे देवा, पाय मोडला हाय का? गाडी कुटं हाय तुमची?"

साडूंनी हनुवटीने दिशा दाखवली.

"नाय वो दादा, आंब्याखालची गाडी ना? ती तं मागं रायली. तुमी उलटे आलाव."

एवढ्या अवस्थेतही साडू तिला म्हणाले, "बाई, सूर्य कुठे आहे बघा जरा!" मोडक्या पायाने मला हसू आलं आणि हसताना कळ डोळ्यांत आली. तिच्या नवऱ्याने खाट आणली, दोघं मिळून उचलू म्हणाला. साडू त्याला पुढून पायाकडची बाजू धरून रस्ता दाखव म्हणाले, पण खाटेच्या डोक्याकडची बाजू शेवटपर्यंत सोडली नाही. "माझा माणूस आहे," एवढंच त्याला सांगितलं. पालघरच्या दवाखान्यात प्लास्टर होईपर्यंत ते उघड्या अंगाने व्हरांड्यात उभे होते.

माझा पाय दोन महिन्यांत सरळ झाला. साडूंची कंबर मात्र त्यानंतर कधी सरळ झाली नाही, हे मला फार उशिरा, अक्काकडून कळलं. कुणी विचारलं की ते कधी मॅटाडोरच्या सीटला, कधी बोईसरच्या दमट हवेला बोल लावायचे. आयुष्यभर न केलेले पराक्रम रंगवून सांगणारा हा माणूस, पण त्या सकाळचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. गाडी विकली, नोकरी संपली, दोघं साताऱ्याकडे गावी गेले. परवा भेटायला गेलो. मला पोचवायला ते भिंतीला धरून एकेक पायरी उतरत होते. मी हात पुढे केला, तो त्यांनी झटकला.

"मला काही झालेलं नाही. गवंड्याने या पायऱ्याच चुकीच्या बांधल्यात."

"हो, दिसतंय," मी म्हणालो, आणि त्यांच्या एक पायरी पुढे सावकाश उतरत राहिलो.