शोभाताई आमच्या बांधीत उतरल्या तेव्हा

शोभाताईंची आणि माझी पहिली ओळख चिखलात झाली, आमच्या धानाच्या शेतात, बांधीत. धानाची रोवणी चालू होती. ताई सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराच्या नर्स. माझी लेक वंदना, तान्हं बाळ गेल्यापासून बोलत नव्हती. सासरच्यांनी आणून टाकली होती. गाव म्हणे, बाहेरचं लागलं. शहरातल्या एका डॉक्टरनं आधी आडनाव विचारलं, मग म्हणाला, "तुमच्या लोकांत घरोघरी दारू असतेच." तिच्याकडे पाहिलंही नाही.

ताईंनी पाहिलं. घरी येऊन बसल्या असत्या तर आमच्या बौद्ध वस्तीत बोभाटा झाला असता, पागलांची बाई आली म्हणून. म्हणून वंदनाचं कानावर येताच त्या साडी खोचून तिच्या शेजारी बांधीत उतरल्या. तीन दिवसांत एक प्रश्न विचारला नाही. रोवणी मात्र अशी, की मागं सगळे पऱ्हे, धानाची रोपं, पाण्यावर तरंगत. तिसऱ्या दिवशी वंदनाच बोलली, "बाई, मुळं दाबा ना! काय करून राहिल्या?"

मी रडले नाही. अर्धी बांधी रोवायची बाकी होती.

पुढं दोन वर्षं औषध चाललं. बरी दिसते म्हणून मध्येच मी गोळ्या बंद केल्या. ताईंनी चारचौघींत झापलं, "आजी, तुमची बीपीची गोळी फेकू का मी?" चूक माझी होती. ऐकून घेतलं.

मग जावई चार माणसं घेऊन दवाखान्यात आला. सोडचिठ्ठीसाठी त्याला वंदना वेडी असल्याचे कागद हवे होते. ताईंनी फाईल काढली आणि वंदनाच्या हातात दिली. "कागद यांचे आहेत. यांना मागा."

"दे," जावई म्हणाला.

"नाही देत. सोडाचं तं सोड. पण माह्या डोक्याचं नाव नोको सांगू."

सोडलं त्यानं. वंदना आज कुडवा गावात शिवणाचं दुकान चालवते.

ताईंची साठी झाली, म्हणून त्यांच्यावर हा ग्रंथ निघतोय. त्यांना शंभर वर्षं धडधाकट आयुष्य लाभो. निवृत्तीनंतर आराम करा, असं मी म्हणणार नाही. आमच्या वस्त्यांकडे पाहणारं दुसरं कोण आहे?

ग्रंथाच्या मंडळींनी सुचवलं, लेखात लेकीचं नाव बदला, समाजात बरं दिसत नाही. तिला विचारलं. म्हणाली, "काऊन? टायफाईड झाला असता तं बदललं असतं का?"

नाव वंदनाच आहे. तसंच छापा.