आधी टायर दाखवा: नांदेड ते रेणापूर, ब्रेक पॅडच्या दोन जोड्यांसह

बायकांना या वयात भजनाची ओढ लागते, हिला ब्रेकची लागली, असं आमचे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मी मनावर घेत नाही. रेणापूरच्या पुढे ट्रक चालकांना शिकवण्यासाठी एका खाजगी संस्थेनं छोटा ट्रॅक बांधलाय आणि महिन्यातल्या एका रविवारी तो हौशी लोकांना आपापली गाडी पळवायला देतात, हे स्टाफरूममध्ये कानावर आलं त्याच दिवशी मी नाव नोंदवलं. दिवसाचे अडीच हजार, हेल्मेट आपलं. शर्यत नसते. एकेक गाडी अंतर ठेवून सोडतात, पंधरा मिनिटं पळवायची आणि बाहेर यायचं.

जायला दुसरंही कारण होतं. माझी लेक सई लातूरला क्लासेसच्या होस्टेलवर राहते, मेडिकलची तयारी करते. जूनमध्ये चाळणी परीक्षा झाली, ती काठावर पास होऊन सगळ्यात वरच्या बॅचमध्ये बसली आणि मी त्याच दिवशी प्रवेशाच्या फॉर्मवर सही करून टाकली. तेव्हापासून फोनवर तिची उत्तरं आखूड होत गेली. हो, नाही, जेवले, ठेवते. आता बॅच बदलायच्या फॉर्मची मुदत सोमवारी संपत होती. "तू आलीस की बोलू," एवढंच ती म्हणाली होती. मी काय बोलायचं ते आधीच ठरवून ठेवलं होतं: बॅच सोडायची नाही.

आता गाडीबद्दल, कारण तुमच्यापैकी बरेच जण त्यासाठीच हे वाचत असणार. अकरा वर्षांची हॅचबॅक, सगळ्यात खालचं मॉडेल, जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारं एबीएस नाही. टायर रोजचेच, भाजी आणायला जातो ते. ट्रॅकसाठी टायर बदलणं परवडणारं नव्हतं, म्हणून निदान ब्रेक पॅड तरी चांगले घालू असं ठरलं. मी वीस वर्षं अकरावीला घर्षण शिकवते, तेव्हा पॅड निवडणं म्हणजे डाव्या हातचा मळ वाटला. वहीत तक्ता केला. पाच प्रकारचे पॅड, सहा रकाने, एकूण गुण शंभर. आमच्याकडची ही सवयच आहे, आम्ही जावईसुद्धा टक्के विचारून करतो. पहिला नंबर आला एका रेसिंग पॅडचा. सहाशे अंशांपर्यंत तापला तरी दम न सोडणारा. थंड असताना पकड कमी, असं खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं. ते मी वाचलं होतं बरं का! फक्त त्या रकान्याला मी शंभरातले पाचच गुण ठेवले होते.

शनिवारी सकाळी सातला नांदेड सोडलं. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर असा सरळ रस्ता आहे, एकशेचाळीस किलोमीटरच्या आसपास, निवांत तीन तास धरा. जानेवारीची थंडी होती. दोन्हीकडे हरभरा घाट्यांवर आला होता आणि तुरीच्या काढणीनं खळी भरली होती. अहमदपूरला थांबून सुशीला खाल्ला. नाव ऐकून बाहेरची माणसं बिचकतात, पण ते भिजवलेले चुरमुरे असतात, फोडणी दिलेले, वर शेंगदाणे. इथं बसस्टँडच्या आसपास सकाळी नऊच्या आत मिळतो, नंतर संपतो.

चाकूरच्या अलीकडे शेताच्या वाटेवरून उसाची ट्रॉली आडवी आली. मी ब्रेक दाबला. वीस किलोमीटर मोकळा रस्ता होता, ब्रेकला पाय लागलाच नव्हता, पॅड गार पडलेले. पाय खाली गेला आणि गाडी तशीच पुढे चालली. लाकडावर लाकूड घासावं तसं काहीतरी वाटलं, पकड म्हणून नाही. मी आणखी जोर लावला, दोन्ही पायांनी लावला असता तर बरं झालं असतं. उसाच्या शेंड्यांपासून हातभर अंतरावर गाडी थांबली. ट्रॅक्टरवाल्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. मी कडेला घेऊन दहा मिनिटं बसून राहिले. भीती तर वाटलीच, पण लाज जास्त वाटली.

लातूरला पोचल्यावर डाळ मिलांच्या रस्त्यावरच्या एका पंक्चरवाल्याला विचारलं, ब्रेकचं चांगलं काम कोण करतं. त्यानं व्यंकटमामांच्या शेडकडे बोट दाखवलं. मामा साठीच्या आतबाहेर, डोक्यावर टोपी, नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. मी माझा तक्ताच त्यांच्यापुढे धरला आणि सगळं सांगितलं. त्यांनी वहीकडे बघितलंसुद्धा नाही.

"पॅडचं मागून बघू. आधी टायर दाखवा."

ते उकिडवे बसले, चारही टायरांवरून तळवा फिरवला, नखानं रबर दाबून बघितलं.

"गाडीत बसतं कोण?"

"मी. कधीमधी माझी मुलगी."

"मंग हे काय घालून राहिलाव, ताई? हा पॅड तापला तर लई धरतो, खरं हाय. पण तुमचा टायर तेवढं धरत न्हाई. पॅड चाक धरून ठेवील अन् टायर घसरत जाईल. अन् गार असताना तर धरतच न्हाई. म्हंजी दोन्हीकडून तुमचंच मरण."

हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. गाडीला थांबवणारं घर्षण शेवटी टायर आणि रस्ता यांच्यातलं असतं, पॅड त्याच्यापुढे जाऊ शकत नाही. गणित सोडवताना कळतं आणि खरेदी करताना कळत नाही, यावर मला हसू आलं. मामा हसले नाहीत.

पॅड काढता काढता मी त्यांना विचारलं, हे काम कुठं शिकलात. ते किल्लारीच्या अंगाच्या एका गावचे. भूकंप झाला तेव्हा तीसच्या आतले, शेती करायचे. "मदतीचे ट्रक यायचे, कुठून कुठून. चार-चार दिवस पळून ब्रेकचे लायनर जळालेले असायचे. एक पंजाबी ड्रायव्हर होता, त्यानं हातात हातोडी दिली, म्हणला, नव्या लायनरला रिबीट मार. मारत राहिलो. दुसरं सुचत नव्हतं." थोडा वेळ ते पाना फिरवत राहिले. मग म्हणाले, "आमचं घर गावात सगळ्यात भक्कम. अडीच हात रुंद भिंत, दगडाची. आजा सांगायचा, तोफ लावली तरी पडायची न्हाई. तोफ कुठून येणार होती? भुई हालली. तीच भिंत माझ्या बहिणीच्या अंगावर आली. शेजारचं कुडाचं खोपट हाय तसं उभं होतं."

 बोलता बोलता त्यांनी जुना पॅड उपसून माझ्या हातात दिला.

माझ्या तक्त्यात चौथ्या नंबरला असलेला पॅड त्यांनी बसवला. गार असताना धरतो, तापल्यावरही बऱ्यापैकी टिकतो, आणि जोर वाढवाल तसा हळूहळू वाढतो, त्यामुळं टायर सुटायच्या आत पायाला कळतं. ब्रेकचं तेलही बदललं. ट्रॅकवर पॅडच्या आधी जुनं तेल उकळतं, हे लक्षात ठेवा. मग स्वतः शेजारी बसले, मांडीवर पाण्यानं भरलेला तांब्या. नवे पॅड चाकाच्या तबकडीवर नीट बसावेत म्हणून साठच्या वेगावरून वीसवर आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, असं दहा वेळा. पाणी सांडलं की पहिल्यापासून. मी दोनदा सांडलं. तिसऱ्या खेपेला त्यांचं धोतर कोरडं राहिलं आणि ते म्हणाले, "आता जावा." तुम्ही गेलात तर दोन तास हातात ठेवून जा, मामा घाई चालवून घेत नाहीत.

रविवारी सकाळी होस्टेलच्या वहीत सही करून सईला घेतलं. ती वाळली होती. रेणापूरपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती. ट्रॅक लहान आहे, दीड किलोमीटरचा, एक लांब सरळ पट्टा आणि शेवटी काटकोनात डावं वळण. बारा गाड्या होत्या. पहिल्या फेऱ्यांत मी भीत भीत चालवलं, दुसऱ्या खेपेला त्या वळणावर उशिरा ब्रेक दाबायचा धीर आला. गाडी प्रत्येक वेळी मला हवी तिथं हळू झाली. काय सुख असतं ते! एक तरुण डॉक्टर माझ्यासारखेच रेसिंग पॅड आणि रस्त्याचे टायर घालून आला होता. त्याची चाकं अडकली, गाडी सरळ गवतात गेली. त्याला काही झालं नाही, पण टायरला रुपयाएवढा सपाट डाग पडला.

दुपारी येताना बांधून घेतलेला निलंगा राईस, इकडचा मसालेदार पिवळा भात, उघडला. झाडाखाली बसून मी सईला सगळी गोष्ट सांगितली, ट्रॉली, तक्ता, तांब्या, अगदी नकला करून. मला वाटलं हसेल. ती घास हातात धरून बसली.

"मामांना टायर बघावासा वाटला," ती म्हणाली. "तू सही करताना माझ्याकडे बघितलं पण नव्हतंस."

"सई, ती वरची बॅच आहे. थोडा दम धर, सवय होईल."

"सात महिने धरलाय, आई. सर मधूनच सुरू करतात. बाकीच्यांना येत असतं. मी विचारायचं बंद केलंय. मला आता येतं ते पण येत नाही."

मी म्हणाले, खाली गेलीस तर लोक काय म्हणतील. खरंच म्हणाले हे, लपवत नाही. तिनं सॅकमधून फॉर्म काढून माझ्यासमोर ठेवला. सगळा भरलेला होता, तिच्या बारीक अक्षरात, फक्त पालकाच्या सहीची जागा रिकामी. तारीख आठवड्यापूर्वीची होती. आठवडाभर ती हा कागद घेऊन फिरत होती आणि फोनवर मला जेवले म्हणून सांगत होती.  मी हात धुतले, कागद बॉनेटवर ठेवला. बॉनेट तापलेलं होतं, सही करताना मनगट भाजलं.

शेवटच्या खेपेला सई हेल्मेट घालून शेजारी बसली. पॅड गार करायची फेरी ब्रेक न लावता, सावकाश मारायची असते; आणि थांबल्यावर लगेच हँडब्रेक ओढायचा नाही. त्या सावकाश फेरीत तिनं जूनपासूनचं सगळं सांगितलं. ते एका फेरीत मावलं नाही, म्हणून आम्ही तीन मारल्या. गाड्या सोडणारा झेंडेवाला वैतागला.

नांदेडला परत येऊन आता तीन आठवडे झाले. रेसिंग पॅडची जोडी खोक्यात पडून आहे, आमचे हे ती शोकेसमध्ये मांडू म्हणतात. सई खालच्या बॅचमध्ये आहे. डॉक्टर होईल की नाही मला माहीत नाही. पण परवा तिचा फोन सत्तावीस मिनिटं चालला, त्यात ती एका सरांवर चिडलेली होती, आणि मला फार बरं वाटलं.

काल समोरचे जोशी दहावीच्या निकालाआधीच चौकशीला आले. मुलीला लातूरला ठेवायचंय, नंबर एकची बॅच कुठली, तुमच्याकडे तक्ता आहे म्हणे. बॅचेसचाही तक्ता आहे, त्याच वहीत, पॅडच्या तक्त्याच्या मागच्या पानावर. मी वही उघडली नाही. त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाले, "बॅचचं मागून बघू. आधी मुलीला बोलवा."