उतरणारा आकडा

पिकल्या केळींचा वास आला की मला नांदेडचा तो अतिदक्षता विभाग आठवतो. अर्धापूरजवळ केळीचा टेम्पो उलटून जबर जखमी झालेला एक तरुण तिथं आला होता आणि त्याच्या आईच्या लुगड्यालाही तोच वास होता. मी तेव्हा नवखी डॉक्टर, आमच्या घरातली पहिली पदवीधर. रक्तस्राव थांबला, रक्त चढवून झालं, तरी त्याचं हृदय सुसाट धावत होतं. ते थकू नये म्हणून आमच्या वरिष्ठ सरांनी वेग कमी करणारं औषध शिरेतून सुरू केलं. खाटेशेजारच्या मॉनिटरच्या पडद्यावरचा ठोक्यांचा आकडा उतरू लागला, तशी आईनं पिशवीतून तुळशीचं पान अन् गोदावरीच्या पाण्याची बाटली काढली. "लेकरू चाललं वो माझं, तोंडात पानी घालू द्या!" मी तिचा हात धरला. "मावशी, तसं न्हाई. त्याचं काळीज लई पळून राहिलं होतं, आम्हीच औषधानं त्याला आवरलंय." ती पडद्याकडे बघत राहिली. "मंग अजून उतरवा की!" "न्हाई, आता इथंच ठेवायचं," मी म्हणाले, तेव्हा ती रडता रडता हसली. पोरगा पुढं बरा होऊन घरी गेला. आज मी ते औषध सुरू करण्याआधी नातेवाइकांना पडद्यापाशी बोलावते आणि सांगते, आकडा उतरेल, घाबरू नका, आपल्यालाच तो उतरवायचाय.